दार बरा वाजता

भाऊ मेस्त्री दार वाजवतात, पण आत येत नाहीत. बँकेची बदली घेऊन मी मसुऱ्यात आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझं दार वाजलं. टक टक, टकटक, टक. तोंडात ब्रश, तसाच धावलो. दारात साठी उलटलेले काटकुळे गृहस्थ उभे. डोळे मिटलेले आणि बोटं अजून फळीवर नाचतायत. म्हटलं, "या ना आत." त्यांनी डोळे उघडले. "नको नको. तुमचा दार बरा वाजता. फणसाचा आसा." आणि चालू लागले. माझा फेस तोंडातच राहिला.

घरमालकीणबाईंनी उलगडा केला. "ते कवी आसत. पोरांची गाणी करतत नि लोकांच्या दारार वाजवन बघतत. आमका सवय झाली, तुमकाय होतली."

मला काही झाली नाही. मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे दार वाजलं की पाहुणा तरी येतो, नाहीतर वसुलीवाला. इथे नुसताच ठेका येतो. पण भाऊंना कुणी कधी हटकलं नाही. गावातल्या एकूण एक दाराची त्यांना पारख. फणसाच्या दारावर बेडूक छान उड्या मारतो, सागवानावर राजाची स्वारी निघते. एका नव्या बंगल्याच्या प्लायवूडच्या दाराचं नाव काढलं की मात्र मान हलवतात. "थंय माझो हत्ती मेलो."

हे सगळं ते उभ्याने सांगतात. भाऊ मेस्त्री बसलेले मी पाहिले नव्हते. चहासुद्धा ओसरीवर येरझारा घालत पितात. अर्धा कप गेल्यावर, "इलंय हां," म्हणून निघून जातात आणि कप कुणाच्या तरी कुंपणावर सापडतो. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पण मास्तरांची खुर्ची म्हणे नव्यासारखी कोरी राहिली. पुस्तकातली चित्रंही तेच काढतात, तीही उभ्याने, हिंडत हिंडत. त्यामुळे 'म्हशीचा चष्मा' या पुस्तकात म्हशीची शिंगं दर पानावर निराळी आहेत. मी चूक दाखवली, तर शेजारची चिमुरडी माझ्यावरच उखडली. "म्हस रोज केस विंचरता, तुमका ठाव नाय?"

खारेपाटणच्या एका शाळेने त्यांना कवितावाचनाला बोलावलं होतं. सोबत म्हणून मी गेलो. भाऊंनी माईक बाजूला सारला आणि बाकं वाजवत निघाले. पहिली रांग, दुसरी रांग, मग कपाट, मग फळा, आणि शेवटी थेट मुख्याध्यापकांची खुर्ची, मुख्याध्यापक तिच्यात असताना. बिचारे 'फणसाला गुदगुल्या' संपेपर्यंत पाठीला ठेका सोसत बसले. पोरं हसून हसून बाकांखाली गेली. परतीच्या गाडीत भाऊ म्हणाले, "खुर्ची बरी होती. माणूस वायच घट्ट होतो."

फक्त एका दाराला त्यांनी कधी बोट लावलं नाही. त्यांच्या स्वतःच्या. एकटेच राहतात. दार दिवसभर सताड उघडं, आणि आत शिरतानाही अंग चोरून शिरतात. मी एकदा सहज विचारलं, "तुमचं दार कसल्या लाकडाचं हो?" तर म्हणाले, "आज हवा कुंद आसा नाय?" बाहेर रणरणतं ऊन होतं.

यंदा मात्र भाऊंचं नशीब उघडलं. पुण्याच्या एका प्रकाशनाने त्यांचं नवं पुस्तक घेतलं. आजवरची पुस्तकं म्हणजे जवळच्या छापखान्यातली, हाताला शाई लागणारी. हे मोठ्या आकाराचं, गुळगुळीत, रंगीत. नाव 'कुर्ली'. भाऊ स्वतःचा मोबाईल वरचेवर हरवतात, म्हणून संपर्काला माझा नंबर दिला होता. एका शुक्रवारी संपादकबाईंचा फोन आला.

"पुस्तक गोड आहे. फक्त कुर्लीचा खेकडा करा. विदर्भातल्या मुलाला कुर्ली काय कळणार? आणि यमकही सोपं. खेकडा, वाकडा! सोमवारी कळवा. नाहीतर यंदाच्या पुस्तकांत धरता येणार नाही."

मी निरोप दिला. भाऊ जागच्या जागी दोनदा गोल फिरले आणि निघाले. ते दोन दिवस गावाची जी काय दैना झाली म्हणता! दारंच काय, पिंप, डबे, होडी, उभ्या एसटीचा पत्रा, काही सुटलं नाही. एकदा कुर्ली वाजवायचे, एकदा खेकडा, आणि ऐकणाऱ्याकडे असं बघायचे की जणू त्यानेच निकाल द्यायचाय. घरमालकीणबाई शेवटी वैतागल्या. "दोन्ही एकच ओ भाऊ! रस्सो केल्यार कोण इचारता?"

रविवारी दुपारी ते माझ्याकडे आले. दार न वाजवता आले, तेव्हाच मी चरकलो. जेवलेले दिसत नव्हते. मी म्हटलं, "भाऊ, करून टाका खेकडा. एका शब्दापायी एवढं पुस्तक घालवणार? कुर्ली म्हणजे खेकडाच ना?"

"खेकडो तो," भाऊ म्हणाले. "कुर्ली ती."

"बरं मग?"

"ती माझी भैण, सायबानू."

मग खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत त्यांनी सांगितलं. "माझ्यापेक्षा धाकटी. जल्मापासून तिका आयकाक येय नाय. खंय गेलंय तरी माझ्या शर्टाचो शेंडो दोन बोटांत पकडून मागसून येय, म्हणान घरात सगळे कुर्ली म्हणत. मी शाळेत गेलंय की दाराक पाठ लावन जमनीर बसायची. परत इलंय की मी भायरसून दार वाजवय. कानाक नाय, पण पाठीक कळा तिच्या. शाळेत शिकलेली कविता तशीच वाजवय. मगेच उठान दार उघडायची."

फेऱ्या थांबल्या. "एकदा तिका ताप इलो. शाळेतसून इलंय, वाजवलंय. दार आयेन उघडल्यान." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आयेन. त्या दिसापासून आमचा दार मी वाजवूक नाय."

इतके दिवस ज्याला मी चक्रम म्हणत होतो, तो माणूस गावभर दारं वाजवत कुणाला शोधत होता! मग त्यांनी माझ्याच फणसाच्या दारावर कविता वाजवली, आणि या वेळी तोंडानेही म्हटली:

"आडवी आडवी चालली कुर्ली,
सगळ्यांच्या मागे एकटी उरली.
हाक मारली, वळलीच नाही;
लाट आली नि आपणच फिरली."

"पुस्तक नाय इला तरी चलात," म्हणाले. "पण तिचो तो करूक देव नको."

सोमवारी मी पुण्याला फोन लावला. बहिणीचं काही सांगितलं नाही, ते माझं नव्हतं. एवढंच म्हटलं, "कुर्ली ती आहे, बाई. तिचा तो होणार नाही." बाई म्हणाल्या, "अहो पण मुलांना कळणार कसं?" माझी तयारी काहीच नव्हती. तोंडातून निघून गेलं, "चित्र आहे की समोर!" पलीकडून उत्तर आलं, "विचार करून सांगते."

संध्याकाळी सांगितलं. राहू दे कुर्ली.

मी तसाच भाऊंकडे पळालो. दार नेहमीसारखं सताड उघडं, आत भाऊ उभ्याने चित्र रंगवत होते. बातमी ओठांवर आली होती, पण हात आधी दाराकडे गेला. ते मी बाहेरून ओढून घेतलं आणि वाजवलं. आडवी आडवी चालली कुर्ली. ठेका मला कुठला जमायला! दोनदा चुकलो. पण चारी ओळी वाजवल्या.

आत ब्रश खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं दारापाशी आली आणि थांबली. कडी हलली नाही. दाराला काहीतरी टेकलं, घसरत खाली गेलं. मग आवाज आला तो माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

"उघडू नको." मला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "बसलंय मी. पाठीक लागता. परत वाजव."

मी परत वाजवलं.