ती अजून धरून आहे

आमच्या खांदा कॉलनीतले मोझेसकाका रोज सकाळी रासबेरीची तब्येत बघतात. आधी चष्मा पुसतात, मग हात धुतात, मग दोन बोटांनी फळाला हलकेच स्पर्श करतात आणि निकाल देतात, "आज नाही. ती अजून धरून आहे."

काका बँकेतून निवृत्त झालेले. काकू गेल्या, मुलगा इस्रायलला. रोप मात्र माझं. महाबळेश्वरच्या नर्सरीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून आणलेलं. माझ्या तिसऱ्या मजल्यावर ऊन येत नाही, म्हणून कुंडी काकांच्या तळमजल्यावरच्या अंगणात ठेवली. ठरलं होतं, निम्मी फळं माझी. दोन हिवाळे गेले, एकही मिळालं नाही. टाइल्सच्या धंद्यातसुद्धा मला असं कुणी फसवलेलं नाही.

"काका, लाल झालीय की."

"लाल तर सिग्नलही होतो, पाटील. ओढायची नाही. पिकली की मधला पांढरा गाभा झाडावर ठेवून ती आपली आपण हातात येते. बसा, चहा घ्या."

शुक्रवारी ती धरून असायची. शनिवारी काकांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणजे तोडायचं नाही. रविवारी बुलबुल खाऊन गेलेला असायचा.

एकदा रागाच्या भरात मीच एक ओढली. गाभ्यासकट आली आणि कानापर्यंत आंबट लागली.

"तुमच्यासारखीच, घाईची," काका म्हणाले.

मी आठवडाभर तिकडे फिरकलो नाही. आठव्या दिवशी गेलो तो कुंडीच उचलून आणायची, असं ठरवून.

फाटकाबाहेरूनच दिसलं. काकांनी बोट लावलं न लावलं, तोच फळ सुटून तळहातावर आलं. गडद, टपोरं. त्यांनी ते क्षणभर निरखलं आणि बुलबुलासाठी कुंपणाच्या भिंतीवर ठेवून दिलं.

मी फाटक आपटून आत शिरलो. "काय म्हणते?"

"आज नाही." काका झाडाकडेच बघत होते. "ती अजून धरून आहे. उद्या या."

माल असून नाही म्हणणारे व्यापारी मी खूप पाहिलेत. गिऱ्हाईक परत यावं म्हणून म्हणतात. तोंडापर्यंत आलेलं बोलणार, तेवढ्यात स्टुलाकडे लक्ष गेलं. चहाचे दोन कप. एकावर बशी झाकलेली. मी येणार, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसलो. बशी काढली, घोट घेतला.

"साखर कमी आहे."

"उद्या जास्त घालतो," काका म्हणाले.