वाघाच्या पोटावरचा डाग

एका जंगलात एक कॉलेज होतं. जंगलाला कॉलेज कशाला, असं विचारू नका मुलांनो. आईबाप तिथेही होतेच.

त्या कॉलेजात करवंदी पहिल्या वर्षाला आली. करवंदी ही भेकराची मुलगी. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. वाघ दिसला की ते भुंकतं आणि सगळं जंगल सावध होतं. करवंदीने उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ पाहिला होता. इतक्या जवळून, की तिच्या डाव्या कानाचा तुकडा त्याच्याकडेच राहिला.

पहिल्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली. पळणे हा विषय शिकवणारे सर हजेरी घेऊन झाल्याबरोबर पळाले. लपणे शिकवणाऱ्या मॅडम आठवडाभर दिसल्याच नाहीत. कुणी म्हणे रजेवर आहेत, कुणी म्हणे प्रात्यक्षिक चालू आहे. करवंदीला दोघांबद्दल आदरच वाटला. निदान विषय तरी येत होता त्यांना.

मग आला वाघ-ओळखीचा तास. शिकवायला गवे सर. चांगला धिप्पाड गवा, बत्तीस वर्षं नोकरी. डोळे मिटून नोट्स सांगायचे. "वाघ हा गोल असतो पूर्णविराम. त्यास दात नसतात पूर्णविराम. त्याच्या पोटावर एक जांभळा डाग असतो, अधोरेखित करा."

करवंदीची लेखणी थांबली. शेजारी कापशी नावाची ससी होती. ती पहिल्या वर्षाला तिसऱ्यांदा बसली होती, त्यामुळे तिला सगळं माहीत होतं. तिने आपलं जर्नल पुढे सरकवलं. पळसाच्या पानांचं जर्नल, त्यात वाघाची आकृती. आकृती म्हणजे चार पायांचा भोपळा.

घडलं होतं असं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी वाघ बरा काढला होता. मग प्रत्येक वर्षीची मुलं आधीच्या मुलांचं जर्नल उतरवत गेली. एका वर्षी पट्टे काढायचा कंटाळा आला, ते गेले. एका वर्षी पान अपुरं पडलं, दात गेले. एका वर्षी जर्नलवर जांभूळ पडलं. तो डाग पुढे पाच मार्कांना येऊ लागला.

करवंदी घरी गेली आणि डोळ्यांसमोरचा वाघ तिने जसाच्या तसा काढला. पट्टे, सुळे, मिशा, सगळं. दुसऱ्या दिवशी जर्नल सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"कुणाचं उतरवलंस?" सरांनी विचारलं.

"कुणाचंच नाही, सर. मी वाघ पाहिलाय."

"पहिल्या वर्षाला वाघ पाहायचा नसतो. तो तिसऱ्या वर्षाला आहे, तोही ऐच्छिक." सरांनी जर्नल मिटलं. "बत्तीस वर्षं शिकवतोय मी. मला एकदाही दिसला नाही. आणि तुला दिसला?"

शनिवारपर्यंत नीट आकृती आली नाही तर सही नाही, आणि सही नाही तर नाव कमी, असं त्यांनी बजावलं. कापशीने तिला भोपळा काढून मोकळं व्हायला सांगितलं. करवंदी म्हणाली, मेले तरी काढणार नाही.

बुधवारी नोट्स चालू असताना दारात वाघ उभा राहिला.

करवंदी भुंकली. सर म्हणाले, वर्गात भुंकायचं नाही. ती ओरडली, सर, हा वाघ आहे. सरांनी डोळे उघडले आणि शांतपणे नोट्सशी ताडून पाहिलं. गोल नाही. पोटावर डाग नाही. वर दात आहेत.

"उशीर का झाला?" त्यांनी वाघाला विचारलं. "बस मागे."

असं वाघाशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तो गोंधळला आणि बसला. वर्ग खदाखदा हसला, करवंदीला. ती खिडकीतून बाहेर पडली आणि झुडपाआडून पाहत राहिली, आता कुणाचा नंबर लागतो ते.

कुणाचाच लागला नाही. दहा मिनिटांत वाघ घोरू लागला. गवे सरांच्या तासाला जागं राहणं वाघाच्याही आवाक्यातलं नव्हतं.

घंटा झाली तसा तो उठला. कापशीने सवयीने आपलं जर्नल त्याच्यापुढेही सरकवलं. त्याने वाचलं. स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग तळ्यावर जाऊन बराच वेळ पाण्यात वाकून पाहिलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"म्हणजे मी वाघ नाही," तो म्हणाला.

कापशीने त्याची समजूत घातली, की सगळ्यांनाच जमतं असं नाही, आणि त्याला कॅन्टीनला नेलं. भोपळ्याची भाजी होती. त्याने दोनदा मागून घेतली.

त्या दिवसापासून तो रोज कॉलेजला येऊ लागला. शेवटच्या बाकावर बसायचा, भाजी खायचा, नोट्स लिहायचा. करवंदी मात्र खिडकीबाहेरूनच तास करत होती.

शनिवार उजाडला. गवे सर करवंदीचं जर्नल घेऊन वर्गात आले. आकृती कशी काढू नये हे सगळ्यांनी पाहावं, म्हणून ते पान त्यांनी बाकांवरून फिरवायला दिलं. पान एकेका बाकावर हसं होत मागे चाललं. शेवटून दुसऱ्या बाकावर पोचलं, तेव्हा वाघाने मान लांब केली.

"ताई," तो खिडकीकडे पाहून म्हणाला, "हे कोण गं? ओळखीचं वाटतंय."

त्याच्या मिशा थरथरल्या. त्याची नजर पानावरून हळूच कापशीकडे गेली.

करवंदी खिडकीतून आत उडी मारून आली. पान ओढलं आणि चावून गिळलं. सुळ्यांसकट.

"कुणी नाही, दादा," ती म्हणाली. "चुकलं होतं माझं."

मग तिने तिथेच नवं पान घेतलं आणि चार पायांचा भोपळा काढला. डाग विसरली नाही. अधोरेखितही केला.

गवे सरांनी सही केली. कोवळ्या वयात असं होतंच, ते म्हणाले, पण आता आलीस ताळ्यावर. वाघाने टाळ्या वाजवल्या. त्याला स्वतःला त्या विषयात पहिला वर्ग मिळाला.

तात्पर्य : मुलांनो, गुरुजनांच्या चुकीच्या नोट्स घोकून घोकून पाठ कराव्यात. मात्र वर्गातल्या प्रत्येकाने कराव्यात. एखाद्या वाघाने जरी तो धडा ऑप्शनला टाकला, तरी निकाल लागेल.