सत्तेचाळिसाव्या पानावरची मी

शेजारी कसे सांभाळावेत हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने सरळ आमच्या टार्निट उपनगरात येऊन माझ्याकडे शिकवणी लावावी, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. आमच्या मराठी मंडळातल्या बायका कुंपणावरून भांडतात, कुत्र्यावरून भांडतात, कुणाचा कचऱ्याचा बिन कुणाच्या ड्राइव्हवेसमोर आला यावरून भांडतात. माझं मात्र अकरा वर्षांत शू-लानशी एकदाही वाजलं नव्हतं!

शू-लान म्हणजे आमच्या डावीकडच्या घरातली बाई. तीस वर्षांपूर्वी चीनमधल्या चांगशा शहरातून आली. बरीच वर्षं कोंबड्यांच्या फॅक्टरीत पॅकिंग केलं. मग मुलगा नोकरीला सिडनीला गेला आणि ह्या बाई लेखिका झाल्या. चिनी दुकानांच्या दारात फुकट साप्ताहिकं ठेवलेली असतात ना, त्यातल्या एकात तिचं सदर येतं. विषय काय? आज बाजारात गेलो. काल तळ्यावर गेलो. नवऱ्याने सूप सांडलं. मुलाने फोन केला नाही. बास! आणि एवढ्यावर लोक फिदा!

लिहिते तशी मीही. मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी माझी विनोदी कथा असते. संपादिका अपर्णा म्हणते, "मेधाताई, तुमच्याशिवाय अंकच निघत नाही." ते खरंच आहे. वेळेत लिहून देणारी मी एकटीच आहे.

तर असा आमचा दोन लेखिकांचा शेजार. शनिवारी तिच्या गाडीतून मार्केट, संध्याकाळी तळ्याभोवती दोन फेऱ्या, आणि रविवारी माझ्याकडून तिच्याकडे स्टीलचा डबा. थंडीत त्यात मेथीचे लाडू. डबा परत येताना तिच्या झाडाची लिंबं भरून यायची. आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं अर्धं, माझं अर्धं, मिळून एक व्हायचं.

एके दिवशी कुंपणावरून तिचं डोकं वर आलं.

"मेधा! माझं पुस्तक आलं. सगळे लेख एकत्र. पुढच्या शनिवारी लायब्ररीत प्रोग्रॅम आहे. तू बोलणार."

"मी? अगं, तुझे ते चिनी लेखक, संपादक..."

"ते नको. तू पाहिजे. तू नाही तर प्रोग्रॅम नाही."

प्रमुख पाहुणी! मी! मी त्याच क्षणी चंदेरी साडी डोळ्यांसमोर आणली, तिच्यावरचं ब्लाउज दंडात बसत नाही हेही आठवलं, आणि आत जाऊन विश्रामला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बातमी दिली.

"पण पुस्तक चिनी भाषेत आहे ना? तू बोलणार काय?" तो म्हणाला.

"अभ्यास करणार!" मी म्हटलं. "फोनचा कॅमेरा धरला की मराठीत दिसतं आता सगळं."

तर मी अभ्यासाला बसले. पहिल्या पानावर फोन धरला. उत्तर आलं, 'बदकाला पदवी मिळाली आहे.' म्हटलं, असेल काही प्रतीक. दुसऱ्या पानावर तिचा नवरा मिस्टर गाओ 'शिजवलेल्या पायाने' बसस्टॉपवर गेला होता. सवय होता होता भाषांतर बरं यायला लागलं आणि मी सत्तेचाळिसाव्या पानावर पोचले.

'माझ्या शेजारची भारतीय बाई कुजबुजते तेव्हा दोन गल्ल्यांपलीकडचे कुत्रे उठून बसतात.'

मी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या रस्त्यावर दुसरी कोण भारतीय बाई? पलीकडे सरिता आहे, पण तिला तोंडच नाही.

'ती तळ्यावर फिरायला आली की बदकं समोरच्या काठाला जातात.'

'दर रविवारी ती डब्यातून कडू गोळे आणते. माझा नवरा ते लिंबाच्या झाडाखाली पुरतो. झाड आता छपरापर्यंत गेलं आहे.'

पुरतो! माझे मेथीचे लाडू! साजूक तुपातले! त्यातला डिंक माझ्या आईने नागपूरहून कुरिअरने पाठवलेला! आणि ती लिंबं मी अकरा वर्षं खातेय! म्हणजे माझेच लाडू मला लिंबाच्या रूपाने परत येत होते आणि मी वर 'थँक यू, थँक यू' म्हणत होते!

माझ्या टाळूवर त्या वेळी कुणी पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता.

"विश्राम! हे वाच! पुरतात म्हणे!"

त्याने वाचलं. मग चष्मा काढून पुसला. हा माणूस चष्मा पुसायला लागला की समजावं, काहीतरी दडवतोय.

"पुरणं म्हणजे... वाया तर नाही ना गेलं," तो म्हणाला.

"तू ऑफिसला नेतोस ते लाडू कोण खातं रे?"

"खातात ना."

"कोण?"

"स्टेशनबाहेर सीगल पक्षी असतात," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "आधी खायचे. हल्ली तेही येत नाहीत."

त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक झाला नाही.

आठवडाभर मी गॅसवर ठेवलेल्या कुकरसारखी होते. आत सगळं खदखदतंय, पण शिट्टी द्यायची नाही. शिट्टी शनिवारीच द्यायची, भर सभेत, असं मी पक्कं ठरवलं होतं. माझ्या भाषणाचे कागद मी फाडले. त्यात 'दोन संस्कृतींमधला सेतू' असं मी तीन वेळा लिहिलं होतं. आता सेतू नाही, आता थेट लंकादहन!

शुक्रवारी कुंपणावरून पातीच्या कांद्याची जुडी आली, पाठोपाठ डोकं.

"मेधा, तू रागावलीस?"

"नाही."

"चेहरा रागावलेला आहे."

"माझा चेहराच असा आहे!"

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "अकरा वर्षं बघते. हा दुसरा चेहरा आहे." आणि कांदे कुंपणावर ठेवून गेली. मी ते कांदे घेतले नाहीत. शेवटी विश्रामने हळूच आणून त्यांची भजी केली आणि मी ती रागारागाने खाल्ली.

शनिवारी सगळे तिच्याच गाडीतून निघालो. आमची गाडी सर्व्हिसिंगला होती, नाहीतर मी तिच्या गाडीत पाय ठेवला नसता! पुढे ती आणि मी. मागे विश्राम, मिस्टर गाओ आणि आमची मुलगी अनुष्का. शू-लान गाडी चालवते म्हणजे रस्त्याला सुचवते की मला जायचंय, जमलं तर बाजूला हो. एरवी मी 'ब्रेक! ब्रेक!' ओरडत असते. त्या दिवशी गप्प बसले. ती दोनदा माझ्याकडे बघायला वळली आणि दोन्ही वेळा मागून मिस्टर गाओ किंचाळले.

लायब्ररीच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर साठ-सत्तर चिनी आजी-आजोबा बसलेले. मी आत शिरताच सगळ्या माना वळल्या. कुजबुज सुरू झाली. एका आजीने तर शेजारणीला कोपर मारून माझ्याकडे बोट दाखवलं. मी पदर सावरला. म्हटलं, बघा, पोट भरून बघा, आता कळेल!

माझं इंग्रजी चिनीत सांगायला हेलन नावाच्या निवृत्त शाळाशिक्षिका होत्या. शू-लान आधी थोडं बोलली, मग माझं नाव पुकारलं. मी माइक बाजूला ढकलला. मला माइक लागत नाही.

"मी इथे कौतुक करायला आलेले नाही!" मी गरजले.

हेलनबाईंनी भाषांतर केलं. हॉलमध्ये हशा!

मला वाटलं, चुकीचं सांगितलं असेल. मी आवाज आणखी चढवला. "सत्तेचाळिसाव्या पानावर माझा अपमान झालेला आहे!"

टाळ्या! मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघायला लागले.

"माझ्या आवाजाने कुत्रे उठतात म्हणे! उठतात का कुत्रे?"

हशा एवढा की लायब्ररीतला एक माणूस दार उघडून आत डोकावला.

"आणि माझे लाडू! तीन दिवस खपून केलेले लाडू! ते कुठे आहेत? विचारा यांना, कुठे आहेत?"

हेलनबाईंनी भाषांतर करायच्या आधीच सगळ्या हॉलने एका सुरात चिनी भाषेत उत्तर दिलं. मला चिनी येत नाही, पण 'लिंबाच्या झाडाखाली' एवढं कुणालाही कळलं असतं. एक आजोबा डोळे पुसत होते. पुढच्या रांगेतल्या आजी हसता हसता खुर्चीवरून घसरल्या, त्यांना दोघींनी धरलं.

"हसू नका!" मी ओरडले.

याचं भाषांतर झालं आणि त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या!

आता मात्र माझा तोल गेला. मी शू-लानकडे वळले. "मैत्रीण म्हणवतेस? शेजाऱ्याबद्दल असं लिहायचं? त्याच्या पाठीमागे? त्याला कळत नाही अशा भाषेत? शोभतं का हे लेखिकेला?"

हॉल शांत झाला. आणि त्या शांततेत मागून आमच्या कन्येचा आवाज आला.

"मम, सीरियसली? You did the exact same thing! दिवाळी अंक!"

"अनुष्का, तू गप्प बस!"

पण शू-लान उठली होती. तिने पिशवीतून मंडळाचे दिवाळी अंक काढले. एक, दोन, तीन, चार... सात. सगळे मीच दिलेले. दरवर्षी पहिल्या पानावर 'माझ्या प्रिय मैत्रिणीस' असं लिहून, सही करून. वाचणार थोडीच होती ती! शोभेला ठेवेल, एवढाच माझा हिशोब.

"मेधा," ती म्हणाली, "तुझ्याकडे फोन आहे. माझ्याकडे पण फोन आहे."

माझ्या पायाखालची लायब्ररी सरकली.

तिने चष्मा लावला आणि खुणेचे कागद घातलेली पानं उघडली. "इथे तू लिहिलंस, माझी गाडी म्हणजे डोळे बांधलेली म्हैस. इथे लिहिलंस, माझ्या सुपाचा वास म्हणजे पावसाळ्यातले मोजे. इथे लिहिलंस, मी तीन बिन पाडले." तिने मान वर केली. "दोन पाडले. तिसरा वाऱ्याने पडला."

हेलनबाई भाषांतर करत होत्या आणि लोक पोट धरून हसत होते. मी कुठे बघू? विश्रामकडे पाहिलं, तो चष्मा पुसत होता.

"तू... तू रागावली नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज पहिल्यांदाच माइक हवा होता असा निघाला.

"खूप रागावले! पहिल्या वर्षी एक महिना तुझ्याशी बोलले नाही."

"कधी? मला नाही आठवत!"

"तुला कळलं नाही. तूच बोलत होतीस."



"मग मुलगा सिडनीला गेला," ती म्हणाली. "घरात आवाज नाही. गाओ बोलत नाही. फक्त कुंपणावरून तुझा आवाज. मग मी तुझ्यावर लिहिलं. मला पण राग काढायचा होता. पण लोकांना आवडलं. म्हणाले, आणखी लिही. म्हणून लिहिते. सत्तेचाळीसच का? साठ वाच. ब्याऐंशी वाच. शंभर तर सगळं तूच आहेस."

मी पुस्तक सत्तेचाळीसच्या पुढे उघडलंच नव्हतं!

तेवढ्यात मिस्टर गाओ उभे राहिले. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'हॅलो'पलीकडे शब्द ऐकला नव्हता. ते माझ्यासमोर आले, दोन्ही हात जोडले, आणि इंग्रजीत म्हणाले, "लाडू, सॉरी." मग जरा थांबून, "लसणाची चटणी, व्हेरी गुड. चटणी पुरत नाही. लपवतो. शू-लानपासून."

"काय?" शू-लान ओरडली. "मला म्हणाला संपली!"

आणि मग त्या दोघांचं चिनीत जे सुरू झालं ते ऐकून दोन गल्ल्यांपलीकडचे कुत्रे काय, अख्खं टार्निट उठलं असतं. मीच मधे पडून सोडवलं. म्हटलं, अगं, लोक आलेत, आणखी करून देते मी चटणी! राग माझा होता, सभा मी गाजवायला आले होते, आणि शेवटी समजूत मीच काढत होते!

कार्यक्रम संपला. मी गुपचूप मागच्या दाराने सटकणार, तर समोर रांग. शू-लानच्या टेबलापुढे नाही, माझ्यापुढे! प्रत्येकाच्या हातात पुस्तक, सत्तेचाळिसाव्या पानावर उघडलेलं. वीस वर्षं लिहितेय मी, आजवर माझी सही फक्त बँकेने मागितली होती.

सगळ्यात पुढे वॉकर घेऊन एक आजी होत्या. मी ऐटीत पेन उघडलं आणि वळणदार अक्षरात 'मेधा' लिहिलं. आजींनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मान हलवत परत माझ्यापुढे ठेवलं.

"त्या म्हणतात, हे नको, खरं नाव लिहा," हेलनबाई म्हणाल्या.

"हेच माझं खरं नाव आहे!"

"नाही, पुस्तकातलं." हेलनबाईंनी घसा खाकरला. "पुस्तकात तुमचं नाव तीन अक्षरी आहे. पहिलं अक्षर म्हणजे मोठा. दुसरं, घसा. तिसरं, दरवाजा."

मोठ्या घशाचा दरवाजा! मी शू-लानकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जळून गेली असती. तिने शांतपणे एक कोरा कागद पुढे सरकवला आणि ती तीन अक्षरं सावकाश काढून दाखवली. कुठली रेघ आधी, कुठली नंतर. मधलं अक्षर फारच किचकट. माझा नेहमी उजवीकडचा रेघांचा ढिगारा चुकायचा आणि ती माझा हात धरून दुरुस्त करायची.

एकंदर चौतीस सह्या केल्या. पहिल्या चार मी अत्यंत रागाने केल्या. पाचवीपासून मात्र अक्षर सुधारलं.