पिंपळीच्या पाणंदीतली संतुलित बलं

गतीचे नियम साऱ्या विश्वात सारखेच लागू आहेत, बारामती तालुका धरून. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे हे मी जबाबदारीनं लिहितो आहे.

द्वारकाबाईंचा ऊस सकाळी तुटला, ट्रॉलीत भरला आणि पिंपळीच्या पाणंदीत, कालव्याची चारी फुटून झालेल्या चिखलात, ट्रॅक्टरसकट रुतला. तोडलेला ऊस उन्हात तासातासाला वाळतो आणि साखर कारखान्याच्या काट्यावर हलका भरतो. त्यामुळे द्वारकाबाईंना घाई होती. शास्त्राला नव्हती.

ट्रॅक्टरचं चाक मिनिटाला साठ फेरे मारत होतं आणि ट्रॅक्टर होता तिथंच होता. (अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवायला मी उगाच फळा झिजवला. वर्ग इथंच आणायला हवा होता.)

मदतीला अठरा जण धावले. आपली माणसं खरंच अशी आहेत, ऊर भरून येतो. कारखान्याची निवडणूक तोंडावर असल्यानं दोन्ही पॅनेल पूर्ण संख्येनं हजर होती. बलाला परिमाण आणि दिशा दोन्ही लागतात. परिमाण भरपूर होतं.

“मागं घ्या! म्होरं समदा चिखल हाय,” एका पॅनेलचे बापूसाहेब म्हणाले.

“म्होरंच काढायची. आमचं पॅनेल मागं येत न्हाय,” दुसऱ्या पॅनेलचे आप्पासाहेब म्हणाले.

नऊ जणांनी पुढून रेटलं, नऊ जणांनी मागून. निव्वळ बल शून्य. इतकं काटेकोर संतुलन मला प्रयोगशाळेत कधी साधलं नाही. तिथं एखादं वजन कायम हरवलेलं असे. “गिअर कंचा टाकू?” ट्रॅक्टरवरच्या नईमनं विचारलं. दोन्हीकडून उत्तर आलं, म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

तीन तासांची नोंद अशी: फोटो चाळीस, ट्रॉलीचं विस्थापन शून्य, बापूसाहेबांच्या एका चपलेचं दीड फूट (खाली).

“आवो, चिपाड झालं माझ्या उसाचं! सरका तिकडं!” द्वारकाबाई ओरडल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहाची हाक आली आणि अठराही जण एकाच दिशेनं, वाढत्या वेगानं निघाले. याला त्वरण म्हणतात.

पाणंद मोकळी झाल्यावर द्वारकाबाईंनी फडातलं वाळलेलं पाचट आणून चाकाखाली दाबलं. घर्षण वाढलं. “नईम, पहिला टाक, अन् क्लच दमानं सोड.”

“निघाली की, मावशी!”

एकूण वेळ, बारा मिनिटं. चहाहून परतलेल्या दोन्ही पॅनेलांनी यशाबद्दल आपापलं अभिनंदन केलं.

मी बांधावर बसून हे सगळं टिपत होतो. ट्रॅक्टरमागून जाताना द्वारकाबाई थांबल्या. “गुरुजी, तीन तासांत चार पेंढ्या पाचट आणायला काय झालं हुतं तुमास्नी?”

मी म्हणालो, प्रयोगाला निरीक्षक लागतोच. शिवाय मी एकटा नाही. पहिल्या ओळीपासून माझ्या शेजारी आणखी एक जण बसून नुसता हसतो आहे.

त्यांनी तुमचं नाव विचारलंय.