तुटीएवढा भूखंड

कोणत्याही प्रगत शहरात खर्च आधी ठरतो आणि उत्पन्न नंतर सुचते. या दोहोंमध्ये जे अंतर राहते त्यास तूट म्हणतात, आणि ते अंतर ज्या गृहस्थास एका ओळीत ओलांडता येते त्यास मुख्य लेखापाल म्हणतात. आमचे चिरंजीव आमच्या महापालिकेत गेली अकरा वर्षे मुख्य लेखापाल आहेत. हे मी अभिमानाने सांगते. सूनबाई तेच निराळ्या स्वरात सांगतात. पण तो स्वर हा या लेखाचा विषय नाही.

अर्थसंकल्पाची रीत बाहेरच्यांना अवघड वाटते. ती तशी नाही. प्रथम सर्व खात्यांच्या मागण्या येतात व त्यांची बेरीज होते. मग गतवर्षी जे उत्पन्न आले नाही, त्यात दहा टक्के वाढ धरून यंदाचे उत्पन्न निश्चित करतात. एकातून दुसरे वजा केले की तूट उरते. परंतु कायद्याने महापालिकेस तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही (कायदा करणाऱ्यांना स्वतःचा मांडता येतो, तो वडीलकीचा मान आहे). म्हणून शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ असते: 'भूखंड क्रमांक ४७ च्या विक्रीपासून अपेक्षित उत्पन्न'. या ओळीपुढे तुटीचा आकडा जसाच्या तसा लिहितात. जमाखर्च तंतोतंत जुळतो, सभागृहात बाके वाजतात आणि सर्वजण चहाला जातात.

हा भूखंड अकरा वर्षांत अकरा वेळा अपेक्षिला गेला आणि एकदाही विकला गेला नाही. पहिल्या वर्षी त्याची किंमत सहा कोटी होती, पाचव्या वर्षी एकोणीस, आणि गतवर्षी, सर्व रस्ते एकदा पाण्यासाठी व एकदा दूरध्वनीसाठी खोदले तेव्हा, एकोणचाळीस. एखाद्या जमिनीने शहराच्या अडचणींशी इतके इमान राखल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

भूखंडावर महापालिकेचे प्रसूतिगृह आहे. खाटा अठरा, डॉक्टर एक, पंखे नऊ (पैकी फिरणारे चार), आणि या सर्वांवर हुकमत चालवणाऱ्या मेट्रनबाई. आमचे चिरंजीव तिथेच जन्मले, नातू तिथेच जन्मला, आणि नातसुनेचे नाव यंदा तिथेच नोंदवले होते. तिला तेव्हा सातवा महिना होता आणि रक्तदाब वरचा होता. दुसरे रुग्णालय नदीपलीकडे चौदा किलोमीटरवर, रेल्वेच्या फाटकाच्या पुढे आहे. ते फाटक उघडे पाहिल्याचे सांगणारे लोक शहरात आहेत.

चूक माझी झाली, आणि चूक कबूल करण्याची आमच्याकडे पद्धत नसली तरी ती लिहून ठेवण्यास हरकत नाही. मी चिरंजिवांस म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिली. एकदा तरी तूट कमी करून दाखव." ते आज्ञाधारक आहेत. त्यांनी केली. उंदरांची संख्या 'स्थिर' असल्याचे जाहीर करून उंदीर निर्मूलनाची तरतूद वगळली. रस्त्यांवरील दिव्यांचे वीजबिल पुढील वर्षात ढकलले. मृत करदात्यांकडील थकबाकी 'खात्रीचे उत्पन्न' या सदरात घेतली, कारण जिवंत करदाते न्यायालयात जातात व मृत आजवर एकही गेलेला नाही. अशा रीतीने तूट एकोणचाळीस कोटींवरून चार कोटी साठ लाखांवर आली. वृत्तपत्रात चिरंजिवांचे छायाचित्र छापून आले. मी ते कापून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही ध्यानात आली नाही. तूट चार कोटी साठ लाखांवर आल्याने भूखंडही चार कोटी साठ लाखांवर आला होता. भर शहरातली, दोन बाजूंनी रस्ता असलेली, बाजारभावाने चाळीस कोटींची जागा निव्वळ काटकसरीमुळे स्वस्त झाली होती.

यात धोका असा काहीच नव्हता, कारण अर्थसंकल्प कोणी वाचेल अशी तरतूद अर्थसंकल्पात नव्हती. परंतु गादीवाले शेठ परवान्याच्या नूतनीकरणासाठी महापालिकेच्या वऱ्हांड्यात तीन तास बसून होते. मोबाइलची बॅटरी संपली होती, शेजारी बसलेला माणूस घोरत होता, आणि बाकाच्या आखूड पायाखाली अर्थसंकल्पाची प्रत घातलेली होती. शेठनी ती उपसली व वाचली. दुसऱ्या दिवशी ते चार कोटी साठ लाखांचा धनादेश आणि रीतसर अर्ज घेऊन हजर झाले. त्यांना तिथे गाद्यांचे तीनमजली दालन काढायचे होते.

त्या रविवारी सकाळी मेट्रनबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. चपला न काढता आत येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"काय लेखापालसाहेब, खाटा मोजून देऊ, की बायकांसकट विकताय?"

"बाई, अहो, ती नुसती ओळ होती हो."

"त्या ओळीत माझ्या अठरा जणी झोपल्यात. कालची एक जुळ्यांची आहे. तिला काय सांगू, ओळ बदलली, ऊठ?"

नातसून सफरचंद सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, हप्त्याहप्त्यानं विका ना. आधी अंगण द्या, मग व्हरांडा. माझ्या तारखेपर्यंत लेबर रूम तरी राहील."

"तू गप्प बस," नातू म्हणाला, आणि स्वतःही गप्प बसला.

"आई, तूच म्हणालीस तूट कमी कर म्हणून," चिरंजीव म्हणाले. छप्पन्न वर्षांच्या माणसाने इतक्या रडवेल्या आवाजात बोलू नये.

"म्हणाले. आता वाढव."

"म्हणजे?"

"किंमत तुटीएवढी असते ना? मग तूट वाढव. किंमत वाढेल, शेठ पळेल."

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "काकू," त्या म्हणाल्या, "तुम्ही निवडणुकीला का उभ्या राहिला नाहीत?"

विक्रीस सर्वसाधारण सभेची मंजुरी एकवीस दिवसांनी मिळायची होती. तत्पूर्वी सुधारित अंदाजपत्रक मांडता येते. एकवीस दिवसांत तूट छत्तीस कोटी चाळीस लाखांनी वाढवायची होती, आणि खर्च खरा दिसावा यासाठी तो खरा करावा लागणार होता. कामाचा डोंगर होता. परंतु लोकप्रतिनिधी एका मुलाच्या जन्मस्थानासाठी पक्षभेद विसरून एकत्र आले, हे मी कृतज्ञतेने नमूद करते.

सभागृहासाठी फिरत्या खुर्च्या घेण्यात आल्या. काही सदस्यांस चक्कर येऊ लागल्याने एक वैद्यकीय पथक नेमण्यात आले. शहरात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर स्वागतकमान उभारली गेली, व बाहेर जाणाऱ्यांस वाईट वाटू नये म्हणून तेवढ्याच निरोपाच्या. ज्या चौकात पाणी येत नाही तिथे कारंजे बसवण्यात आले, आणि कारंज्यासाठी रोज चार टँकर. चौसष्ट सदस्य काटकसरीच्या अभ्यासासाठी सपत्नीक समुद्रकिनारी नऊ दिवस राहून आले (अहवाल दीड पानाचा आहे, त्यात किनारा स्वच्छ असल्याचे म्हटले आहे). एका नवख्या सदस्याने आपल्या भागातील गळकी जलवाहिनी बदलण्याचा प्रस्ताव आणला होता. त्यास बाजूला घेऊन समजावण्यात आले की, जलवाहिनी बदलल्यास गळती थांबेल, गळती थांबल्यास पुढील वर्षी तूट घटेल, आणि मग प्रसूतिगृहाचे काय? त्याने डोळे पुसत प्रस्ताव मागे घेतला.

विसाव्या दिवशी तूट एकेचाळीस कोटी झाली. भूखंडही एकेचाळीस कोटींचा झाला.

"गेल्या महिन्यात साडेचार, आज एकेचाळीस?" शेठ चिरंजिवांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले. "अहो, मी गाद्या विकतो, पण इतकं फुगवून नाही विकत!" धनादेश खिशात घालून ते निघून गेले. मेट्रनबाईंनी त्या दिवशी सर्व खिडक्या पुसून घेतल्या.

येथवर सर्व सुरळीत झाले. अडचण एवढीच की, अकरा वर्षे तूट कागदावर होती, म्हणून विक्रीही कागदावर भागत असे. या वेळी खुर्च्या आलेल्या होत्या. खुर्चीवाला, कमानवाला आणि टँकरवाला रोज सकाळी वऱ्हांड्यात येऊन बसू लागले, आणि त्यांना अपेक्षित उत्पन्न नको होते. चिरंजिवांचे जेवण तुटले. अखेर त्यांनी सभेपुढे दोन मार्ग ठेवले: भूखंडाचा खराखुरा लिलाव, अथवा मालमत्ता करात अशी वाढ, की प्रत्येक घरास महिन्याला दोन कप चहाएवढा भार पडावा. त्यावर नागरिकांकडून पंधरा दिवसांत हरकती मागवल्या गेल्या.

मेट्रनबाईंनी प्रसूतिगृहाच्या दाराशी टेबल मांडून 'प्रसूतिगृह वाचवा' असा अर्ज ठेवला. दहा पावलांवर दुसरे टेबल लागले. त्यावर 'करवाढ रद्द करा' असा अर्ज होता. नागरिक रांगेने आले. पहिल्या टेबलावर गहिवरून सही करत, आपला किंवा आपल्या मुलांचा जन्म इथलाच असल्याचे सांगत, आणि पुढच्या टेबलावर जात. तिथे पेन नसल्याने मेट्रनबाईंचेच पेन घेऊन जात.

"अहो, तो दुसरा कागद वाचलात का?" मेट्रनबाईंनी एका वकिलास विचारले.

"वाचायचंय काय त्यात? करवाढ आहे."

"त्या करातूनच हे वाचणार आहे ना!"

"हे वाचलंच पाहिजे," वकील कळकळीने म्हणाले. "मी आत्ताच सही केली. तुम्ही तिकडे केलीत की नाही? तुम्हालाही भरावा लागेल, बाई."

पहिल्या अर्जावर नऊ हजार तीनशे बारा सह्या झाल्या. दुसऱ्यावरही नऊ हजार तीनशे बारा झाल्या. लोकभावना इतकी एकमुखी असताना सभेने एकाच अर्जाचा मान राखणे योग्य झाले नसते. तिने दोन्हींचा राखला. करवाढ रद्द झाली. प्रसूतिगृह वाचवण्यात आले, म्हणजे अर्थसंकल्पातील 'प्रसूतिगृह' हे शीर्ष कायम ठेवून त्यापुढे शून्य तरतूद करण्यात आली. भूखंडाचा लिलाव झाला. बोली एकच आली, गादीवाल्या शेठची, चार कोटी साठ लाखांची. राहिलेले छत्तीस कोटी चाळीस लाख भूखंड क्रमांक ५२ च्या विक्रीपासून अपेक्षित आहेत. त्यावर शाळेचे मैदान आहे. मेट्रनबाईंची बदली उंदीर निर्मूलनात झाली.

नातसुनेस बुधवारी दुपारी बारा वाजता कळा सुरू झाल्या, तारखेच्या अकरा दिवस आधी. मी मेट्रनबाईंना बोलावून घेतले. टॅक्सीत पुढे नातू बसला, मागे आम्ही तिघी. फाटक बंद होते. मालगाडी आली, थांबली आणि उभी राहिली. बेचाळीस मिनिटे. मेट्रनबाईंनी टॅक्सीवाल्यास खाली उतरून पाठ करून उभे राहण्यास सांगितले. त्यांनी नातसुनेस एकदाच "घाबरलीस का?" म्हणून विचारले. ती म्हणाली, "तुम्ही घाबरलायत, म्हणून." मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. मेट्रनबाईंनी तिला उलटे धरून पाठीवर चापट्या मारल्या, आणि त्या चापट्या मी मोजल्या, अकरा होत्या. मग ती रडली. नातसुनेचा रक्तस्राव फाटक उघडेपर्यंत थांबला नव्हता. रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. आता दोघी घरी आहेत. नातसून जिना चढताना अजून मध्येच बसते.

सह्यांचे दोन्ही गठ्ठे चिरंजिवांनी घरी आणून ठेवले आहेत, कारण जुन्या खुर्च्यांनी कार्यालयातील कपाटांची जागा घेतली आहे. बाळ झोपले की मी चष्मा लावून ते वाचत बसते. माझी सही दोन्हींवर आहे, आणि दोन्हींवर पहिली आहे. मागे राहण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. तुमची सापडायला दोन दुपारी गेल्या. पहिल्या अर्जावर तुम्ही ती घाईघाईत केली आहे, आडनाव लागतसुद्धा नाही. दुसऱ्यावर मात्र नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, सारे सुवाच्य अक्षरात भरून खाली दोन रेघा मारल्या आहेत.