मोडेमला मंगळ

जुळवाजुळव केल्याशिवाय आयुष्यात कुठलाही बदल करू नये, असं जगातल्या सगळ्या सुखी जोडप्यांचं मत आहे. (डोंबिवली पूर्वेत अशी माणसं चार. वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदीनुसार.)

त्या मंडळाचा कॉम्प्युटर १९९८ साली दिवसाला सरासरी नऊ वेळा अडकायचा. तो सांभाळायचा सुधीर. स्वतःचा स्वतः शिकलेला, त्यामुळे त्याच्या लग्नाच्या फॉर्मवर 'शिक्षण' रकान्यात नुसती रेघ, आणि त्या रेघेपायी फॉर्म दोन वर्षं ड्रॉवरमध्ये.

मासिकासोबत फुकट आलेली नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी त्याने आणली. अध्यक्षा सुहासिनीबाई म्हणाल्या, "कर बदल. रविवारच्या मेळाव्याची यादी वेळेत छापून दिलीस, तर तुझं नाव पहिल्या पानावर घालते."

सुधीरचा जीव त्या पहिल्या पानात अडकला.

"पण आधी हार्डवेअर जुळतंय का बघावं लागेल," तो बोलून गेला.

इथेच चुकलं. जुळवण्यात मंडळाचा तेवीस वर्षांचा अनुभव. ठराव झाला, प्रत्येक भागाचा रीतसर फॉर्म भरला गेला. मॉनिटर : उंची चौदा इंच, वर्ण निमगोरा. कीबोर्ड : एक दात पडलेला, पण तो इंग्रजी 'क्यू', कुणाच्या नावात येत नाही. साउंड कार्ड : गायनाची आवड. प्रिंटर : आवाज कर्कश, घराणं चांगलं. माऊस : एकुलता एक.

मोडेमपाशी गाडी अडली. "याला स्वतःचं डोकं नाही," सुधीर म्हणाला. "याच्या वतीने जुनी सिस्टीम विचार करते, हा नुसता बोलतो."

पत्रिका बघणाऱ्या विश्रामकाकांनी चष्मा काढला. "म्हणजे सासरी आल्यावरही माहेरी विचारूनच बोलणार. मंगळ आहे रे."

मोडेम काढून ठेवला. बाकीच्यांचे बत्तीस गुण जुळले. शुक्रवारी दहा वाजून बारा मिनिटांच्या मुहूर्तावर, फॉर्म टाइप करणाऱ्या चित्राने सीडीला कुंकू लावलं (छापील बाजूला; तिला अक्कल होती) आणि जुनी सिस्टीम पुसली गेली.

मशीन दोन दिवस एकदाही अडकलं नाही. शनिवारी संध्याकाळी प्रिंटर करकरला आणि एकशे चौदा स्थळं बाहेर पडली. टोप्या, शेपट्या, उलटी प्रश्नचिन्हं. मराठी फाँट जुन्या सिस्टीमबरोबर गेला होता. फॉर्ममध्ये गोत्रापर्यंत सगळे रकाने होते, फक्त मातृभाषेचा नव्हता. मंडळाला तेवीस वर्षांत तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

दुसरी यादी काढायला वेळ नव्हता. तीच वाटली. मेळाव्यात कुणाचा पगार, नक्षत्र, काहीच वाचता येईना, तेव्हा नाइलाजाने मुलं-मुली एकमेकांनाच विचारायला लागली.

चित्राने पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हे तुझं नाव का?"

"असावं."

"आणि शिक्षण?"

"रेघ होती. आता तिथे टोपी आलीय."

"बरी दिसतेय," चित्रा म्हणाली.

त्या दिवशी अकरा लग्नं ठरली. मंडळाची वार्षिक सरासरी तीन. सुहासिनीबाईंनी धोका ओळखला. "अशी आपापली जुळायला लागली, तर आपण काय करायचं?" सोमवारी एकमताने जुनी सिस्टीम परत आली, मोडेमसकट. कॉम्प्युटर पुन्हा नऊ वेळा अडकला आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

सुधीर-चित्राची पत्रिका विश्रामकाकांनी लग्नानंतर पाहिली. नऊ गुण. (डोंबिवली पूर्वेतली नोंद आता सहा.)

ज्या वाचकांचे तीसच्या वर गुण जुळले होते, त्यांनी ही गोष्ट वाचून शेजारच्या खोलीतल्या जोडीदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हसून दाखवावं.