एकदाच विचारणाऱ्या संगीताताई

संगीताताईंच्या घरी जेवायला गेलात आणि सवयीनं एकदा 'नको' म्हणालात, की संपलं. तुम्ही उपाशी उठता. वाढायला आणलेली पोळी डब्यात परत जाते, डब्याला झाकण लागतं आणि डबा प्रेसमध्ये जातो. प्रेस म्हणजे कपाट. आयर्लंडच्या लिमरिक गावात आठ वर्षं काढल्यावर ताईंचं कपाट प्रेस झालं आहे, पण पोळी अजून नागपूरचीच आहे, आणि म्हणूनच माझा जीव जळतो.

आता पहिल्या वाढणीला 'नको' म्हणायचं असतं, हे मला आईनं बोलायच्या आधी शिकवलं असावं. पहिलं नको हे नको नसतंच. दुसरं अर्धं असतं. तिसऱ्यांदा 'बरं, अर्धी द्या' म्हणायचं आणि दीड खायची, ही आपली रीत. मी त्या रीतीनं गेलो. ताईंनी विचारलं, "पोळी हवी?" मी म्हणालो, "नको नको, पुष्कळ झालं." खरं तर तोवर माझ्या पोटात एक पोळी आणि चार घास भात एवढंच गेलं होतं. ताई म्हणाल्या, "ठीक आहे. तुझा निर्णय." आणि गेल्या. समोर बसलेले त्यांचे यजमान प्रमोदराव माझ्याकडे दयेनं बघत होते. ते बिचारे प्रश्न पुरा व्हायच्या आत "हो" म्हणायला शिकले होते.

या बाई पूर्वी अशा नव्हत्या. मी शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांच्या घरचा आग्रह म्हणजे हातघाईची लढाई होती. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढायच्या. तूप नको म्हटलं तर "काहून? आजारी आहेस?" असं विचारून दोन चमचे जास्त घालायच्या. एकदा मी पुडाच्या वड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या सांबारवड्या, खाऊन खरोखर उठू शकलो नव्हतो, आणि तरी निघताना कोटाच्या खिशात चार वड्या सापडल्या होत्या.

मग त्यांनी हेल्थकेअर असिस्टंटचा कोर्स धरला.

वय शेहेचाळीस. नागपूरला शाळेत गणित शिकवलेलं, इथं आल्यावर घरीच. कोर्समध्ये बाकीच्या मुली विशीतल्या. ताईंना नोकरीची घाई नव्हती. त्यांचे वडील, अप्पा, दोन वर्षांपूर्वी लकवा होऊन अंथरुणाला खिळले होते. उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. धाकटा भाऊ राजू त्यांचं सगळं करायचा. ताईंचा हिशेब सरळ होता: मे महिन्यात कोर्स संपवायचा, जूनमध्ये नागपूरला जायचं, तीन महिने राहायचं आणि अप्पांना आपल्या हातानं भरवायचं. "नुसतं जाऊन रडण्यापेक्षा काही येत असलेलं बरं," असं त्या म्हणायच्या.

अभ्यासासाठी रुग्ण हवेत. ते आम्ही. प्रमोदराव ऑफिसातून आले की चहा पिऊन लगेच डावीकडून लुळे पडायचे. मला पलंगावर कुशीवर वळवणं, चादर अंगाखालून बदलणं, डोळ्यांवर पट्टी बांधून दही भरवणं, सगळं झालं. पट्टी बांधल्यावर चमचा कधी येणार ते कळत नाही आणि माणूस उगाच चिमणीच्या पिलासारखा तोंड उघडून बसतो. मी एकदा "पेशंटला थोडी साखर मिळेल का?" म्हणालो, तर ताईंनी चमचा खाली ठेवला. "पेशंट म्हणायचं नाही. रेसिडेंट. ते त्यांचं घर असतं." मी म्हटलं, बरं, रेसिडेंटला साखर द्या.

जानेवारीत त्यांची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण, एका नर्सिंग होममध्ये सुरू झाली. इथं नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची कायमची राहायची जागा. प्रमोदराव एकुलती एक गाडी घेऊन दुसऱ्या दिशेला जायचे, म्हणून सकाळी ताईंना सोडायचं काम माझ्याकडे आलं. आणि तिथंच, पहिल्याच परीक्षेत, ताई नापास झाल्या. गणिताच्या बाई, आयुष्यात प्रथमच.

झालं असं. ब्रीडा नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. पोस्टात नोकरी केलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांना दुपारचं जेवण भरवायचं आणि परीक्षक बाई कोपऱ्यात उभ्या राहून बघणार. ब्रीडाआजींनी कुस्करलेल्या बटाट्याचे चार चमचे खाल्ले आणि म्हणाल्या, "आयॅम ग्रँड, लव्ह." म्हणजे पुरे. ताईंनी पाचवा चमचा भरला. "वन फॉर युअर सन." आजींनी घेतला. "वन फॉर युअर सिस्टर." आजींनी तोंड मिटलं. ताईंनी हसत हसत चमचा ओठांना लावला. आजींनी मान खिडकीकडे वळवली. ताई खुर्ची उचलून खिडकीच्या बाजूला गेल्या.

परीक्षक बाईंनी लिहिलं: रेसिडेंटनं नकार दिला, विद्यार्थिनीनं तो ऐकला नाही. परीक्षा पुन्हा द्यावी.

त्या दिवशी गाडीत ताई खऱ्या नागपुरी झाल्या. "मी तिला जेवू घालून राहिले होते, मारून नव्हते राहिले! इथले लोक चहालासुद्धा पहिल्यांदा नाहीच म्हणतात की नाही? मग?" हेच त्यांनी ट्यूटर बाईंनाही विचारलं होतं. ट्यूटर बाई शांतपणे म्हणाल्या होत्या की चहाला नाही म्हणणारा माणूस तुमच्याकडे बघत असतो, पुन्हा विचाराल म्हणून. ब्रीडानं तोंड मिटलं, मान फिरवली. कधी उठायचं, कुठले कपडे घालायचे, कुठं राहायचं, यातलं काहीच आता तिच्या हातात नाही. खायचं की नाही, एवढंच उरलंय. तेही तू काढून घेतलंस.

ताई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आणि तिसऱ्या दिवसापासून विचारायला लागल्या.

गणिताचा माणूस एकदा सूत्र पटलं की कुठंही लावतो. "आधी विचारायचं, मग हात लावायचा," हे ते सूत्र. खुर्ची सरकवू का? दिवा लावू का? स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरताना दारावर टकटक करायच्या. प्रमोदरावांच्या सदऱ्यावरचा धागा काढायलाही परवानगी. एकदा त्या खिडकीतल्या तुळशीपुढे तांब्या घेऊन नुसत्या उभ्या होत्या. मी म्हटलं, "ताई, ती हो म्हणतेय." त्या हसल्या नाहीत. माझ्या जेवणाचे हाल त्याच काळातले. मला राग यायचा. फुकट जेवणाऱ्यालाच जास्त राग येतो.

एप्रिलमध्ये अप्पांनी खाणं सोडलं.

ताईंचा नागपूरला रोज व्हिडिओ कॉल असायचा. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच होतो, रक्तदाब मोजून घ्यायला हात पुढे करून बसलेलो. पडद्यावर राजू अप्पांच्या उशाशी होता. अप्पांच्या नाकात नळी, डावा हात त्यांच्याच उपरण्यानं पलंगाच्या दांडीला बांधलेला. नळी उपसून काढतात म्हणून बांधला, असं राजूनं सांगितलं. नळी असूनही तो वाटीतलं वरण चमच्यानं भरवायला बघत होता. "आ करा, अप्पा. घ्या ना बापा, एकच घास." तो अगदी गयावया करत होता. अप्पा जिभेनं घास बाहेर ढकलत होते.

"राजू, थांब," ताई म्हणाल्या. "त्यांना विचार."

"त्यांना काय विचारू ताई? ते काय सांगतीन?"

"फोन जवळ ने."

अप्पांचा चेहरा पडदाभर झाला. ताईंनी अगदी हळू विचारलं, "अप्पा, मी संगी. जेवण नको का? नको असेल तर डोळे मिटा." अप्पांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले, मग उघडले. ताई थांबल्या. गणिताच्या बाई, उत्तर उलट बाजूनं पडताळल्याशिवाय त्यांना राहवेना. "अप्पा, जेवायचं असेल तर डोळे मिटा." अप्पा उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही. मला मान खाली घालावीशी वाटली.

"राजू, हात सोड त्यांचा," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांशी बोल. नळी काढू दे. ओल्या कापसानं ओठ पुसत जा."

राजूनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "दोन वर्षं मी करून राहिलो इथं. अन् तू तिकडं बसून बापाला उपाशी मारायला सांगून राहिली?" आणि फोन बंद झाला.

माझ्या दंडाला पट्टा तसाच होता. ताईंनी तो सोडला आणि नीट गुंडाळून ठेवला. मी विचारलं, "ताई, तुम्हाला खात्री आहे?" त्या म्हणाल्या, "मला खात्री नको होती रे." ज्या बाईनं वडिलांना भरवता यावं म्हणून हे सगळं शिकायला घेतलं, तिच्याच वाट्याला त्यांना भरवू नका म्हणणं आलं होतं. मी घरी जाऊन रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की नळीनं आता काही साधणार नाही, घरच्यांनी ठरवावं. सोमवारी नळी निघाली. राजूनं हात सोडला. ताईंनी शनिवारचं तिकीट काढलं. अप्पा बुधवारी गेले. लिमरिकहून डब्लिन, पुढं दोन विमानं. तोवर अंत्यविधीसाठी कुणी थांबणार नव्हतं. राजूनं एका ओळीचा निरोप पाठवला: आता येऊन काय करशील. ताईंनी तिकीट रद्द केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा दिली आणि पास झाल्या. हे मला प्रमोदरावांकडून कळलं.

दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला मी त्यांना न्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई कामाच्या गणवेशात स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात फोन. एरवी सातलाच निघून जाणारे प्रमोदराव त्यांच्या मागे उभे. पडद्यावर नागपूरच्या घाटावरची दुपार होती. मुंडण केलेला राजू, समोर पिंड, झाडावर ओळीनं कावळे. दीड तासात एकही खाली आला नव्हता. मागून नातेवाईक सुचवत होते: सांबारवडी ठेवा, जिलबी ठेवा, चहा ठेवा, कमी साखरेचा ठेवा. कुणी पानाचा विडाही ठेवला. मग एका बाईचा आवाज आला, "जीव उपाशी गेला ना, कसा शिवंन?" ताईंनी ते ऐकलं.

राजूनं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि दहा दिवसांत प्रथमच त्यांच्याशी बोलला. "ताई, अप्पांची काय इच्छा राहिली असंन? तू बोल. त्यांनी शेवटचं उत्तर तुलाच दिलं."

ताईंनी फोन दोन्ही हातांत धरला.

"राजू, अप्पांची नाही राहिली. माझी राहिली. मला त्यांना एकदा, एकदाच माझ्या हातानं भरवायचं होतं. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं. पण माझं मन ऐकत नाही रे."

राजू खालीच बसला. "मी तर बळंच घालत होतो त्यांच्या तोंडात. हात बांधला मी बापाचा."

"दोन वर्षं तू भरवलंस," ताई म्हणाल्या. "ते सगळं खाल्लं त्यांनी. तुझ्या हातचं खाल्लं म्हणून माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला राहिले."

राजूच्या हातातला फोन आडवा झाला असावा. नंतर पडद्यावर नुसती घाटाची पायरी दिसत होती आणि दोघं बहीणभाऊ रडत होते, एक इथं, एक तिथं. कावळा शिवला की नाही ते मला कळलं नाही. मी बाहेर येऊन नर्सिंग होमला फोन केला आणि ताई आज येणार नाहीत असं सांगितलं.